शेवटचा ई

उद्यमनगरात, लेथच्या दुकानावरच्या माळ्यावर
मंगळवार-शुक्रवार साडेसातला माझा इंग्रजीचा वर्ग.
खाली ग्राइंडर थांबला तरच
वर स्पेलिंग ऐकू येतं.

आठ जण. भट्टीवरचे, कोअर शॉपचे,
आणि मागच्या बाकावर हिंदुराव घस्ते,
तेवीस वर्षं मोल्डिंगला.
नखांतली काळी वाळू
वहीच्या प्रत्येक पानावर अंगठा उठवते.

मी लिहिते: एल, ई, ए, डी.
लीड म्हणजे पुढं चालणं. लेड म्हणजे शिसं.
"अक्षरं तीच?"
तीच.
"मग वळखायचं कसं?"
शेजारी कोण बसलंय ते बघून.
"म्हंजे आमच्या गावागत," कोणीतरी म्हणतं.
सगळे हसतात. मीही, जरा उशिरा.

डाय म्हणजे मरणं, डाय म्हणजे साचा,
आयच्या जागी वाय घातला की केसांचा कलप.
रावजी फिटर टोपी सारखी करतात.

त्या मंगळवारी हिंदुरावांनी
पोरीच्या स्कॉलरशिपचा फॉर्म आणला होता,
पहिल्यांदाच स्वतः भरलेला, पेन्सिलीनं.
गाव पाचगाव, जिल्हा कोल्हापूर.
खाली एक रकाना: सी, ए, एस, टी,
आणि मागं एक ई.
त्यापुढं एकेक अक्षर ठोकून बसवलेलं:
आयर्न.

मी पेनचं टोपण काढलं, परत लावलं.
कास्ट म्हणजे ओतलेलं,
चौदाशे डिग्रीला पातळ होऊन
साच्याचा आकार घेतलेलं.
ई लागला की जात.
हे सांगायला ग्राइंडरचा आवाज हवा होता.
नेमका तो बंद.

"हा ई म्हणायचा न्हाई?"
नाही. मुका असतो.
"पर असतो."
असतो.

हिंदुराव फॉर्मकडं बघत राहिले.
मग म्हणाले, "आपल्यात बी हाय की असं,"
आणि वहीत लिहिलं: जात.
"एक ज टाळूला लागतो, एक दाताला.
माल अजून जात न्हाई, त्यातला दाताचा."
दुसऱ्याचं उदाहरण त्यांनी दिलं नाही.

खोडरबर मागितला. माझ्याकडं होता.
आयर्न निघता निघता कागद कोपऱ्यात फाटला.

टेअर म्हणजे फाटणं.
फळ्यावरचा पुढचा शब्द तोच होता.
त्याचा दुसरा उच्चार, दुसरा अर्थ
मी शुक्रवारवर ढकलला.