तिसरा पेला

पहाटे चारला जाग आली, सवयीनं.
गळ्याच्या कडेला दोन बोटं टेकवून
भिंतीवरच्या घड्याळाचा एक पुरता मिनिट मोजला.
एकसष्ट.
एरवी सेहेचाळीसच्या वर जात नाही.
पुन्हा मोजलं. एकसष्ट.
तिसऱ्यांदा नाही मोजलं.
हट्टाला पेटलेला माणूस हवा तोच आकडा मोजतो.

ताप म्हणावा तर ताप नव्हता,
नुसती कसकस,
आणि पोटऱ्यांत कुणी रात्रभर
ओली वाळू भरत बसल्यासारखं.
खुर्चीच्या पाठीवर जर्सी, तिच्यावर सत्तावीस नंबर,
चार कोपऱ्यांना चार पिना.
खाली अस्मारा अजून धुक्यात,
हमरस्त्यावरच्या ताडांना फक्त बुंधे.

गेल्या साली असंच झालं होतं, तेव्हा मी गेलो होतो.
नाव दिलंय ना, म्हणत.
सहाव्या फेरीत सुटलो पुढे, सगळा चौक ओरडला,
आणि मग थेट फासिकाच्या सणापर्यंत खोकत राहिलो.
पंचावन्न दिवसांचा उपास सुटला,
मटणाचा पहिला घास तोंडात, आणि चवच नाही.
त्या शर्यतीत मी कितवा आलो?
मलाच आठवत नाही.
खोकला मात्र सगळ्या गल्लीच्या लक्षात आहे.

अबॉय उक्बाझगी चाकाची तार कसताना म्हणतात,
साखळी काही एकाएकी तुटत नाही रे.
आधी आठवडाभर कुरकुरते.
आपणच रेडिओ मोठा करतो.

फिल्मोनला सांगायला जिना उतरलो.
तो अंगणात चाकात हवा भरत होता.
"येत नाही आज."
त्यानं मान वर केली नाही, पंप थांबवला नाही.
"बरं," म्हणाला.
त्या एका "बरं"वर मी सकाळभर रवंथ केला.

लेतेब्रहाननं कॉफीच्या बिया भाजायला घेतल्या.
तडतडल्या, तशी तवा घेऊन उठली,
धूर आधी आईपुढे, मग माझ्यापुढे धरला.
पहिला पेला आला तेव्हा
खिडकीखालून पहिली फेरी गेली:
साठ सायकलींचा तो एकच आवाज,
कापड एका दमात टराटरा फाडावं तसा.
मी उभा राहिलो. बसलो. उभा राहिलो.
जर्सी अजून तिथेच होती.
पाय म्हणत होते, नको,
आणि बाकी सगळा मी म्हणत होतो, अजून पळत गेलास तर.

सेनाइतनं नंबराची एक पिन काढली,
बाहुलीच्या शालीला लावली.
मी ओरडणार होतो.
मग दुसरी मीच काढून दिली.

दुसऱ्या पेल्याला मी फेऱ्या मोजत होतो.
नऊ मिनिटं, मग साडेनऊ: वारा सुटला असणार.
फिल्मोन तिसरा. मग दिसला नाही. मग पाचवा.

जेबेनात त्याच चोथ्यावर तिसऱ्यांदा पाणी पडलं.
हा पेला पातळ, फिका,
त्याला आमच्यात बरका म्हणतात,
तो घेतल्याशिवाय उठू नये म्हणतात,
आणि शर्यतीच्या रविवारी मी पहिल्याआधीच उठलेला असतो.
लेतेब्रहाननं तो माझ्यापुढे सरकवला.
"सहा वर्षं तुझ्या वाटचा मीच पितेय," म्हणाली,
"आज मला कमी पडणार."
अर्धा तिच्या पेल्यात ओतला.

उद्या सकाळी नाडी सत्तेचाळीस भरली
तर स्वतःला शिव्या घालीन, ठाऊक आहे.
उगाच राहिलो, म्हणेन.
राहून गेलं ते बरं झालं, याचा पुरावा
कधी कुणाच्या हाती लागत नाही.

खाली घंटा वाजली, शेवटची फेरी.
मी उठलो.
पोरीला गार वारा लागत होता,
खिडकी लावून घेतली.