मिठावरचा रंग

अकरा रात्री तोच सिनेमा लावतोय मी,
आव्हैरुच्या खाडीकाठी, कॉड वाळवायच्या जुन्या गोदामात.
एकशेचाळीस खुर्च्या, त्यांतल्या नऊ मोडक्या.
पडद्यावर तोच माणूस तेच हातमोजे चढवतो
आणि चौऱ्याहत्तराव्या मिनिटाला
तिसऱ्या रांगेत कुणीतरी श्वास आत ओढतं.

खेळ सुटला तरी लोक घरी जात नाहीत.
बाहेर धुकं, आत कॉफीचं मशीन,
आणि ज्याच्या त्याच्या हातात एकेक मत,
बोटं पोळतील इतकं गरम.

ग्रासिंदा ग्रंथपाल. कादंबरी चारदा वाचलीय तिनं.
"पुस्तकात त्याला चेहराच नव्हता हो!
नुसता चिखलात उमटलेला उजवा बूट.
यांनी त्याला देखणा नट दिला,
मारकुटा बाप दिला, वर पियानो शिकवला.
मीठमसाला लावायचा तरी किती?"

तिचा भाचा रुय खिदळतो,
"मावशी, तीनशे पानं नुसता बूट?
मी एकोणिसाव्या पानावर झोपलो होतो.
इथं लघवीला उठायची सोय नव्हती."

इव्हारिश्तु सत्तरीपार, अजून मिठागरात राबतो.
त्याला खुनांशी देणंघेणं नाही,
त्याचा राग कॅलेंडरवर.
"फेब्रुवारीत मिठाचे ढीग? तेही उघडे?
फेब्रुवारीत आगरं पाण्याखाली असतात, पोरांनो.
आणि फावडं धरलंय कसं त्यानं!
मी दुपारपर्यंतही ठेवला नसता असल्याला.
खुनी म्हणून बरा असेल, ते तुम्ही बघा."

पुस्तकात तो सापडतच नाही.
शेवटच्या पानावर पाव घेतो,
सुटे पैसे मोजणारी बोटं तेवढी दिसतात.
सिनेमात तो बांधाच्या दारात अडकून बुडतो.
"भित्रा शेवट," ग्रासिंदा म्हणते.
"बरं झालं बुडवला," बेल्मिरा म्हणते,
"गावात बेकरी माझी एकटीची आहे."

हसले सगळे. मीही.
कप गोळा करता करता पाहिलं,
तिसऱ्या रांगेतली झुल्मिरा आज गेली नव्हती.
अकरा रात्री, तीच खुर्ची, तिकिटाला नेमके सुटे.
कुणी तिला मत विचारलं नव्हतं.
आपणहून बोलली, कोटाची बटणं लावत.

"तो लेखक माझ्याकडे आला होता एका दुपारी.
मासळीचं कालवण वाढलं मी त्याला.
विचारत गेला तसं सांगत गेले,
इदालिनाचा कोट हळदी रंगाचा होता,
तिसरं बटण वेगळं, मीच शिवलेलं.
खाल्ल्या मिठाला जागला म्हणायचा,
एक बटण चुकवलं नाही त्यानं.
माझी बहीण एकशेबाराव्या पानावर आहे,
शाळेतली मुलं वाचतात."

मशीन फुसफुसत राहिलं.
ग्रासिंदानं पुस्तक पर्समध्ये ढकललं, हळूच.

"सिनेमात कोट लाल केलाय.
पांढऱ्यावर उठून दिसतो म्हणून केला असेल.
दर रात्री वाटतं, आज हळदी निघणार.
दर रात्री लालच निघतो.
म्हणजे ती दुसरी कुणीतरी.
मला सिनेमा आवडला."

मग इव्हारिश्तुकडे वळून, बाजारभाव सांगावा तशी,
"सप्टेंबर होता तो. ढीग उघडेच होते.
तुम्हाला आठवत असेल."
त्यानं कपात पाहिलं. कप रिकामा होता.

आज शेवटचा खेळ. उद्या हार्ड डिस्क लिस्बनला परत.
बाहेर रांगेत रुय कुणालातरी सांगतोय,
पुस्तक पुन्हा घेतलंय त्यानं, विसाव्या पानापासून.
मी दिवे मालवतो.
एकाहत्तर. बहात्तर.
खिडकीच्या चौकोनातून फक्त तिची मान दिसते.
त्र्याहत्तर.
हे यंत्र माझ्या हातातलं, तरी मलाही खात्री नाही
कोणता रंग येईल.