कान काढून द्या

लक्ष्मीपुरीत, धान्यबाजाराच्या बोळात
माझं दुकान, चार बाय सहाचं.
हौसाक्का संकपाळ आल्या, फोन काचेवर ठेवला
पालथा, तोंड दाबल्यासारखा,
आणि खुणेनंच मला जवळ बोलावून म्हणाल्या,
'ह्याचा कान काढून दे.'

गुडघ्याचं त्यांनी फक्त जावेला सांगितलं होतं,
तेही भाकरी थापताना, थापेच्या आवाजाआड.
सकाळी फोन उघडला तर तेलाच्या बाटल्या ओळीनं
आणि एक म्हातारी हसत हसत जिना चढतीया.
'जाऊ माझी मेली तरी सांगायची न्हाई.
मग राहिलं कोण?'

मी फोन खोलला.
भिंगाखाली दाखवला:
तिळाएवढा, मधे सुईचं टोक जाईल एवढं भोक.
'एवढाच?'
एवढ्याला आपण भ्यालो
याचाच त्यांना जास्त राग आला.
म्हटलं, आक्का, हा काढला तर लेकीलाही ऐकू जायचं नाही.
'तिच्याकडं एस्टीनं जाईन. काढ.'

काढला.
आठव्या दिवशी पुन्हा दारात. आता गुडघ्याचे पट्टे,
बारा रंगांत.

कुठं कुठं गेला होता, आक्का?
'गंगावेशीत, औषधाच्या दुकानात. आणि कुठं जातीया मी.'
फोन बरोबर होता?
'मग काय घरी कोंडून जाऊ?'
आणि त्या जिन्यावरच्या म्हातारीकडं बघत बसला होता?
जरा गप्प झाल्या.
'बसले की. धाकट्या बहिणीगत दिसतीया ती.
रोज बघते.'

मी स्क्रू मोजत राहिलो.
बघत बसणं म्हणजेच सांगणं,
हे मलाही अजून नीट सांगता येत नाही कुणाला.

मग त्याच महिन्यात धैर्यशील लोहार आला, बायकोला घेऊन.
उद्यमनगरात प्रेसवर असतो.
दिवसभराचा तो धडाका त्याला फक्त तळपायांतून कळतो.
तिलाही ऐकू येत नाही.
माझ्याशी दोघं पावतीच्या पाठीवर बोलतात.

त्यानं लिहिलं:
'लोक म्हणतात फोन ऐकतो.
आमचंही ऐकतो का?'

मी हसणार होतो. त्याचा चेहरा बघितला.

मग एकेक ओळ लिहीत गेला, पेन्सिल दाबून.
दिवस राहिल्याचं तिनं रंकाळ्यावर सांगितलं होतं,
नीट दिसावं म्हणून खांबाच्या दिव्याखाली सरकून, बोटांनी.
शब्द कुठंच नव्हता.
तरी चार दिवसांत पाळणा आला फोनवर. लाकडी, वर राघू.
(तारखा तिनं त्यातच टिपल्या होत्या. हे त्यानं नाही लिहिलं,
मीच विचारलं तेव्हा तिनं मान हलवली.)
चौथ्या महिन्यात सीपीआरमध्ये सगळं संपलं.
ते मात्र फोनला कुणी कळवलं नाही.

तिकडं ते जन्मलं.
दुपटी आली, मग काजळाची डबी,
दात आले असणार, चावायला रबरी कडं आलं.
आणि या आठवड्यात बूट,
लाल, पाऊल टाकलं की चिवचिवणारे.

त्यानं फोन माझ्यासमोर धरला.
चित्रातलं पोर टाचा आपटत अंगणभर चाललेलं,
दुकानात तो आवाज फक्त मला येत होता.
मी आवाज बारीक केला.
कुणासाठी, कोण जाणे.

'हे बंद होतं का?' त्यानं लिहिलं.

होतं म्हणजे, थोडं होतं.
एक इथं बंद करायचं, दोन तिथं, मग पुसायचं,
मग पुन्हा येतं दुसऱ्या वाटेनं.
हे सगळं लिहायला पावती पुरली नसती.
मी नुसता फोनकडं हात पुढं केला.

तिनं त्याच्या बोटांतून पेन्सिल काढून घेतली
आणि त्याच्या ओळीखाली, त्याच्याकडं न बघता,
लिहिलं: 'राहू दे.'

ती पावती माझ्याच गल्ल्यात राहिली.
पुढच्या बाजूला माझं अक्षर:
काच बसवली, एकशेवीस रुपये, मिळाले.