तिसरं नाही

जळगावात मे महिन्यात रात्री अकरालाही भिंती तापलेल्या असतात.
खाली ठिबकच्या नळ्यांचं शोरूम, वर आमचा मजला,
आणि मी विकतेय बर्फाची भीती.

कॅनडातले कोणी हॅल्वर्सन, वय एकोणऐंशी.
म्हणतात, बर्फ उपसायच्या यंत्राचा विमा बंद करा,
गुडघे गेलेत, यंत्र शेडमध्ये गंजतंय.
पान नऊ : आधी मान्य करा.
"तुमचं म्हणणं मला अगदी समजतं, सर."
पान अकरा : घरातलं माणूस आणा.
"पण हिवाळ्यात मुलगा आला, तर?"

तिकडे नुसतं घड्याळ वाजत राहिलं.
मग म्हणाले, बरं, राहू दे.
महिना चौदा डॉलर.
टीम लीडरने टेबलावर चॉकलेट ठेवलं.
मी ते खाल्लं. हेही सांगायला हवं.

माझे वडील जिजाबराव, पारोळ्याच्या बैलबाजारातले दलाल.
उपरण्याखाली दोन हात,
वर सगळं हवापाण्याचं बोलणं,
खाली बोटाबोटाने भाव.
ते म्हणायचे :
"पहिलं नही म्हंजे वारा.
दुसरं नही म्हंजे भाव.
तिसरा नहीले मातर उठी जावानं, पोरी,
उपरनं झटकीसन.
त्यान्हा पुढे बैल नही, मानूस इकाई जास."

आमच्या कागदाला बावीस पानं होती.
उठायचं पान नव्हतं.

पुढच्या मार्चात गुडगावच्या एक बाई स्क्रीनवर आल्या.
काम सेबूला चाललंय, तिथे मिनिट स्वस्त पडतं.
"तुला काय वाटत असेल, मला अगदी समजतं, हर्षाली."
पान नऊ.
"आणि घरी वडील एकटे असतात ना?"
अकरा.
मला हसू आलं. शब्द न् शब्द ओळखीचा,
तरी तो लागू पडत गेला,
कसा, ते अजून नीट सांगता येत नाही.
पहिलं नाही मी म्हटलं. दुसरंही, जरा हळू.
तिसऱ्याच्या आधी सही झाली होती.

शेवटचे दहा दिवस सेबूच्या मुलीला शिकवलं.
मारिबेल. आमचे तीन वाजले
की तिच्या मागे कोंबडा आरवायचा.
म्हटलं, हॅल्वर्सन लाइनवर आले
तर पहिल्याच नाहीला सोड.
तिने पानं चाळली.
म्हणाली, हे कितव्या पानावर आहे?

घरी आले. वडील ओट्यावर, उपरणं मांडीवर.
"कितलाले गयं?"
तोंडाने सांगवेना.
उपरण्याखाली हात घातला, दोन बोटं दिली.
दोन पगार.

भाव पटला की दलाल बोटं सोडतो.
त्यांनी सोडली नाहीत,
वर रस्त्याकडे बघत बोलत राहिले,
वांगाले भाव नही,
यंदा ऊन भलतं शे,
जेवनी का तू.