अठरा इंची

घणसोली, सेक्टर सात, अकरावा मजला.
टीव्हीवर जमैकातला एक म्हातारा
रेकॉर्डिंगच्या मशीनला नारळाचं पाणी पाजतोय.
दाढीत किल्ल्या बांधल्यात. विचारलं तर म्हणतो,
माणसं घरं विसरतात, किल्ल्या विसरत नाहीत.

नाव ऑब्री. चाळीस वर्षं लोकांची गाणी केली,
म्हणजे गाणाऱ्याला बाहेर बाकड्यावर बसवून
गाण्यातून गाणं काढून टाकलं.
उरला एक ठोका,
मागे त्या ठोक्याची सावली,
तिच्या मागे आणखी एक, लंगडत.

बाप शेजारी. कानाचं यंत्र डबीत,
बॅटरी कशाला जाळायची म्हणून.
खालची इंग्रजी अक्षरं त्याच्या कामाची नाहीत
आणि कानात ओरडून ओरडून मी दमलोय.

आता ऑब्रीची बायको. खुर्चीत, गुडघ्यावर मांजर.
"वेडा नव्हता तो. वेड्याला मी सोडून गेले असते."
हे मी मोठ्याने मराठीत सांगितलं.
स्वयंपाकघरात
भांडं जरा जोरात ठेवलं गेलं.

साडेबारा टक्क्यांचे पैसे आले त्या वर्षी
गोठिवलीत कुणी जीप घेतली, कुणी बार काढला,
कुणी पोरीच्या हळदीला तीन दिवस गाव जेवू घातलं.
बापाने घेतले आठ स्पीकर, अठरा इंची,
आणि पेट्या स्वतः ठोकल्या, सागवानी,
आईच्या माहेरच्या पलंगाच्या.

मग तळवलीच्या एका हळदीत
बेंजो ऐन रंगात असताना
त्याने माईक रिकाम्या रांजणात सोडला.
आवाज विहिरीतून आल्यासारखा आला.
म्हाताऱ्या घाबरल्या, पोरं थांबली,
नवरीच्या मामाने कानाखाली वाजवली.
त्यानंतर सुपाऱ्या येईनात.
पेट्या पडवीत राहिल्या, एकीत कोंबडी अंडी घालायची.
आई कोंबडीला काही बोलायची नाही.

पडद्यावर ऑब्री मशीनला कान लावून बसलाय.
बापाने हात लांब केला,
टीपॉयवर तळवा ठेवला. स्टीलच्या पेल्यात
पाण्यावर गोल उठत होते,
एक, मग अर्धा.

"वाढव."
वाढवला.
"अजून."
खिडकीची काच बोलायला लागली.

"मागचा ठोका उशिरा येतं," बाप म्हणाला,
डोळे पेल्यावर. "मुद्दाम ठेवलंय.
यो येरा नाय रं."

इंटरकॉम वाजला. बापाला तो ऐकू येत नाही,
मी उठलो नाही.
आईने पदराला हात पुसत उचलला.
"हो," ती म्हणाली. "हो, आमच्याकडूनच."
आणि ठेवला,
आणि आवाज कमी कर म्हणाली नाही.