पुठ्ठ्यावरची रेघ

खजुराचं लाकूड हे लाकूड नव्हेच,
परकारचाचा म्हणायचे, तो भिजला काथ्या.
करवतीच्या पात्याच्या खाचेत वाळूसकट जाऊन बसतो
आणि तेलाचं भोक बुजवतो,
मोहरीएवढं.

अल ऐनच्या बागेत आज सात झाडं पाडायची,
सोंड्या भुंग्याने आतून खाल्लेली.
हाच भुंगा गुहागरला आमच्या माडांत.
त्याला व्हिसा लागत नाही.

दुसऱ्याच खोडाशी साखळी तापली,
पातं कडेला निळं पडलं.
इंजिन बंद. साखळी उतरवली.
हॅक्सॉच्या मोडक्या तुकड्याने खाच खरवडली,
सायकलच्या तारेने भोक मोकळं केलं,
पातं उलटं बसवलं, खालची कड वर,
झीज दोघींना सारखी.

मग चाचांची परीक्षा:
पाण्याच्या खोक्याचा पुठ्ठा धरून कुंजुमोन लांब उभा,
पात्याचं टोक पुठ्ठ्याकडे, रेस द्यायची.
काही नाही.
पुन्हा.
काही नाही.

चाचा मार्चमध्ये कायमचे परतले.
फोनवर खोकतात जास्त, विचारतात एवढंच:
रेघ येते का?

आली.
बारीक, तेलकट, पुठ्ठ्यावर आडवी.
फोटो पाठवला.

चौथं झाड पडल्यावर उत्तर:
जाड आहे. स्क्रू अर्धा फेरा कमी कर.