चाराचं झाड

शून्य ते दहा, किती?
डॉक्टरीणबाई विचारतात, पेन उघडून.
मी म्हणतो, सात.
मागच्या खेपेला आठ होते.
एखादा कमी केला की त्यांना बरं वाटतं.

आमच्या अलेन्तेजोत आकडे झाडांवर असतात.
बुचाची साल उतरवली
की उघड्या, लालभडक बुंध्यावर
पांढऱ्या रंगानं साल लिहायचं, शेवटचा आकडा फक्त.
मग नऊ वर्षं त्याला कुणी हात लावायचा नाही.
मी पडलो ते झाड चाराचं.
म्हणजे पडलो तेव्हा त्याच्यावर जुना पाच होता.
चार संध्याकाळी कुणीतरी लिहिला,
मी तोवर एव्होराच्या इस्पितळात.

हाड जुळलं. फोटोत दिसतं, पांढरं, स्वच्छ,
माझ्याच विरुद्ध पुराव्यासारखं.
सरकारी बोर्डापुढे तिघं तो फोटो बघत होते,
माझ्याकडे कुणी नाही.
एक म्हणाला, हात वर करा.
केला. कुठवर जातो ते त्यानं लिहून घेतलं,
खाली येताना काय झालं, ते नाही.

दुखणं एक नसतं.
सकाळी ठणका, मानेपासून कोपरापर्यंत.
दुपारी मुंग्या. बसच्या पायरीवर चमक.
रात्री जे येतं त्याला नाव नाही,
देओलिंदा कूस बदलते
आणि झोपेतच उशी माझ्या काखेत सरकवते.
कधी ती जागी असते. मला कळतं. सांगत नाही.

गोळ्यांनी वर्षभर डोक्याचा कापूस केला.
शेजारच्या आर्मिंदुनं मधमाश्यांचा डंख सुचवला,
त्याच्या मेव्हण्याला गुण आला म्हणे.
घेतला. सुजलो.

मग तेल्मा आली, फिजिओ, माझ्या मुलीहून लहान.
म्हणाली, जखम कधीच भरली, पण नसा शिकल्यात.
शिकल्यात?
हो. रोज तेच करून हात कसा शिकतो, तसं.
मला राग आला. मग हसू.
एकतीस वर्षं कुऱ्हाड चालवली मी,
सालीखालच्या जिवंत कातडीला पातं टेकू दिलं नाही.
माझं अंग काही शिकलंच
तर नीटच शिकणार.
विसरायला किती दिवस लागतील त्यांना?
विसरणार नाहीत, ती म्हणाली. आपण दुसरं काही शिकवू.

तिनं तिसऱ्या झाडापर्यंत चालायला लावलं.
तिथून परत. बरं वाटत असलं तरी परत.
हेच सगळ्यात अवघड, बरं वाटताना थांबणं.
एका वसंतात मी सातव्यापर्यंत गेलो, उर्मटासारखा,
आणि चार दिवस फरशीवर पडून
कपाटाखालची धूळ मोजली.
आता देओलिंदा 'कसं आहे' विचारत नाही.
विचारते, आज किती झाडं?

तेवीस साली, जूनमध्ये, त्या झाडाची पाळी आली.
मुकादमानं माझ्यासाठी सावलीत खुर्ची ठेवली.
रुबेन, विशीतला पोरगा, कुऱ्हाड नवी.
मी डोळे मिटून ऐकत होतो.
साल सुटत आली की घावाचा आवाज बदलतो,
भरीव असतो तो पोकळ होतो.
थांब, मी म्हणालो. आता पातं नको, दांडा.
दांड्याच्या चपट्या टोकानं त्यानं रेटलं
आणि अख्खी फळी सुटली,
जुनं दार बिजागरीतून निघावं तशी.
खांदा तेव्हाही दुखत होता.
मी विसरलो नव्हतो,
फक्त कान दुसरीकडे होते.

रुबेननं ब्रश माझ्या हातात दिला. डाव्या.
तीन वाकडा आला.

नऊ वर्षांत चारावरून तीनावर,
देओलिंदा म्हणाली, झाडाची तब्येत सुधारतेय.
हसलो की माझ्या पाठीतून कळ जाते, तिला माहीत आहे.
हसलो.